हेमांगीताईंचं आसन

“गार लागतंय गं,” हेमांगीताई म्हणाल्या.

“आता गार, मग गरम. मागच्या वर्षीचं विसरलात होय?” मी म्हणाले आणि दोरी आणखी वीतभर सोडली.

ताई पट्ट्यांच्या झोळीत बसल्या होत्या, गुडघे पोटाशी घेऊन, अंगाला घट्ट बसणाऱ्या पांढऱ्या सुती कपड्यांत. खाली टब होता आणि टबात कढीएवढं पातळ प्लास्टर. पाठ त्यात बुडाली तसा त्यांनी श्वास रोखला. काचेपलीकडून शेषाद्री सरांनी हात वर केला, म्हणजे वेळ लावली, आणि लगेच ते पाठमोरे झाले. बाईचा साचा घेताना पुरुषांनी बघायचं नाही हा नियम त्यांनी स्वतःच केला होता आणि तो ते सोवळ्यासारखा पाळायचे.

आमच्या विभागाचे ते प्रमुख. मी त्यांच्या हाताखाली साचेकाम करणारी एकटी बाई. अवकाशयानातलं आसन तयार विकत आणता येत नाही, ज्याचं त्याच्या पाठीवर बेतावं लागतं. यान परत येऊन आदळतं तेव्हा माणसाच्या अंगावर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. तो भार पाठभर सारखा पसरला तर माणूस उठून चालायला लागतो, एका जागी साचला तर मणका जातो. म्हणून प्रत्येक अंतराळवीराला प्लास्टरमध्ये बसवायचं, पाठीचा ठसा घ्यायचा आणि त्या ठशावरून आसन घडवायचं. हे दोनदा करायचं. एकदा वर्षभर आधी, एकदा उड्डाणाला दोन महिने असताना. दोन्ही ठशांची अकरा ठिकाणी मापं घेत. कुठेही चार मिलिमीटरहून जास्त फरक निघाला की कागद थेट वैद्यकीय मंडळाकडे.

हा ताईंचा दुसरा ठसा होता. उड्डाणाला आठ आठवडे उरले होते.

मी या कामाला कशी लागले हे सांगायला हवं. मी पेणची. आमचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. बोलायला लागायच्या आधी मी प्लास्टर कालवायला शिकले असं आई म्हणायची. अवकाश केंद्राने पहिल्यांदाच एका बाईला पाठवायचं ठरवलं तेव्हा साचेकाम येणारी स्त्री हवी म्हणून जाहिरात दिली. इंजिनियर मुली खूप आल्या असतील, पण प्लास्टर कधी ओतायचं आणि कधी सोडायचं हे बोटाला कळावं लागतं. ते मला कळत होतं. माझ्यामागे सगळे मला गणपतीवाली म्हणायचे. मला राग यायचा नाही. त्या इमारतीत माझ्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही हे मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याची मला चांगलीच घमेंड होती.

आणि ताई. विंग कमांडर हेमांगी देसले, धुळ्याच्या. वडील एसटीत मेकॅनिक. एकोणीस वर्षं विमानं उडवलेली बाई, पण जेवायला माझ्यासमोर बसायच्या, कारण तिथे मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. मी आधी मॅडम म्हणायचे. त्यांनीच एकदा वैतागून सांगितलं की मॅडम म्हणणारे इथे दीडशे आहेत, तू तरी ताई म्हण. तेव्हापासून त्या ताई झाल्या.

प्लास्टर बसायला लागलं की आतून तापतं. साधारण बाराव्या मिनिटाला माणसं चुळबुळ करतात, चटका बसतो म्हणतात. ताईंनी डोळे मिटले.

“बरं वाटतंय,” त्या पुटपुटल्या. “जरा जास्त वेळ राहू दे.”

मी चमकले. आजवर पाच जणांना मी त्या टबात बसवलं होतं, बरं वाटतंय असं एकानेही म्हटलं नव्हतं. शेक कुणाला बरा वाटतो? ज्याचं दुखतं त्याला.

“ताई, कंबर दुखते?”

डोळे न उघडता त्यांनी हळू आवाजात सांगितलं. पाच आठवड्यांपूर्वी समुद्रातला सराव होता. यान पाण्यात पडल्यावर हेलिकॉप्टरने माणसाला दोरावर वर उचलायचं. उचलताना झोका बसला आणि त्यांची कंबर बोटीच्या काठावर आदळली. वर गेल्यावर हसल्या, अंगठा दाखवला. रात्री कूस वळवता येईना. डॉक्टरांना काही सांगितलं नाही. आता बरंच कमी आहे, पण सकाळी उठताना कळ येते.

“सांगायचं होतंत,” मी म्हणाले.

“सांगितलं असतं तर पुन्हा पाठीचा फोटो काढला असता. फोटोत काही दिसलं असतं तर माझ्या जागी कर्नल ठाकरान. राखीव तेच आहेत. बाई राखीव ठेवलीच नाही त्यांनी. मी गेले तर बाई गेली, मी राहिले तर बाई राहिली.” मग त्यांनी डोळे उघडले. “पण मला मरायला जायचं नाहीये, मंदा. आणि माझ्यामुळे यानातल्या बाकी दोघांच्या जिवाला घोर लावायचा नाहीये. साच्यात काय उतरलंय ते तुला दिसेल. तुझ्या हातावर माझा विश्वास आहे. पाठ सरळ असेल तर मी जाते. नसेल तर मला आधी सांग, मी स्वतः मंडळापुढे जाईन. तुझ्यावर काही येणार नाही.”

मी बरं म्हटलं.

वेळ झाल्यावर ताईंना वर घेतलं. पाठीला चिकटलेले तुकडे मी कोमट पाण्याने काढले. कपड्यांवरून कंबर चेपून बघावी असं मनात आलं, पण बाहेर सर उभे होते. ताई अंघोळीला गेल्या. मापं घेणारी माणसं दुसऱ्या खात्याची, ती तीन वाजता येणार होती. तोवर ठसा वाळवायचा, कडा तासायच्या आणि कापडाने झाकून ठेवायचा एवढं माझं काम.

एक वाजता सगळे जेवायला गेले. मी गेले नाही.

ठशावर दिवा तिरका धरला की खाचखळगे सावलीने कळतात. मला दिव्याची गरज पडली नाही. तळहात वरून खाली फिरवला आणि कमरेच्या जरा वर, मणक्याच्या डाव्या अंगाला, हात आत गेला. मागच्या वर्षीचा ठसा फडताळावर होता, त्यात तिथे सपाट होतं. म्हणजे ताईंची पाठ त्या जागी बाहेर आली होती. मी मापाची सुई लावली. सहा मिलिमीटर.

मी खाली स्टुलावर बसले. आता काय करायचं ते स्पष्ट होतं. तीन वाजेपर्यंत थांबायचंसुद्धा नव्हतं, ताईंना बोलावून सांगायचं होतं की ताई, खळगा आहे.

पण बसल्या बसल्या मी दुसरीच गणितं मांडत राहिले. सहाच तर आहे, चार चालतं. सूज असेल. आठ आठवड्यांत सूज उतरेल, मग ह्या ठशावरून केलेलं आसनच उलट सैल होईल. डॉक्टर सूज आणि मोड यात फरक करायला बसणार नाहीत, ते आपली कातडी वाचवतील आणि कागदावर अयोग्य लिहून मोकळे होतील. मग ठाकरान जातील. माणूस वाईट नव्हता तो. पण त्याच्या आसनाचं कौतुक पेणमध्ये कुणाला असणार होतं?

हे मी आज लपवत नाही. मला ताईंसाठी ताई जायला हव्या होत्या, हे खरं आहे. देशातल्या पोरींसाठी जायला हव्या होत्या, हेही थोडंफार खरं आहे. पण त्याहून जास्त मला माझ्यासाठी त्या जायला हव्या होत्या. पहिली बाई वर जाणार आणि ती माझ्या हाताच्या आसनात बसून जाणार. बाबांनी कारखान्याच्या भिंतीवर ताईंचा फोटो आधीच लावला होता आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगत होते की हिची गादी आमच्या मंदाने केलीय. गादी कसली, पण बाबांना कोण सांगणार.

बाबांचा एक हट्ट होता. मूर्ती भिंतीला टेकते, तिची पाठ कुणी बघत नाही, तरी पाठीवर एक बोटभर खळगा राहिला तर ते मला परत बसवायचे. “पुढशी सगलीच बगतान. तू पाठ बग.” त्यामुळे खळगा दिसला की भरायचा हे माझ्या हाडात मुरलेलं. नंतर कित्येक वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले की ते हाताने सवयीने केलं. खोटं आहे ते. हात माझाच होता आणि मी पूर्ण शुद्धीवर होते.

वाटीभर प्लास्टर कालवलं. ओल्या ठशावर नवा थर उठून दिसतो, रंग वेगळा पडतो, म्हणून त्यात टबातलंच खरवडलेलं पीठ मिसळलं. बोटाने भरत गेले, ओल्या फडक्याने घोटत गेले. कडा अशा मिटवल्या की मलाच जोड सापडेना. वीस मिनिटं लागली. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम होतं.

अडीच वाजता ताई आल्या. केस ओले होते. दार लोटून घेतलं आणि उभ्याच राहिल्या.

“काय दिसलं?”

“काही नाही, ताई. पाठ सरळ आहे.”

“नक्की?”

“हात लावून बघा.”

त्यांनी हात लावला. कमरेच्या जागी तळवा ठेवून त्या बराच वेळ उभ्या होत्या. मी पाण्याची बादली उगीच इकडची तिकडे केली. मग त्यांनी मोठा श्वास सोडला आणि खाली, मी मघाशी बसले होते त्याच स्टुलावर, बसल्या.

“मी मंडळाला द्यायचं पत्र लिहून आणलं होतं,” त्या म्हणाल्या. खिशातून घडी काढून त्यांनी दाखवली. “अंघोळीनंतर लिहिलं. तू सरळ नाही म्हणालीस की लगेच द्यायचं म्हणून.”

मला तेव्हा बोलता आलं असतं. तीन वाजायला पंचवीस मिनिटं होती. ताईंनी पत्र फाडलं, तुकडे प्लास्टरच्या कचऱ्यात टाकले आणि माझ्या पाठीवर थाप मारून गेल्या. मापाची माणसं आली, अकरा ठिकाणी सुई लावली, सह्या केल्या. सगळ्यात मोठा फरक दीड मिलिमीटर निघाला. त्यातला एक जण शेषाद्री सरांना म्हणाला की असा जुळणारा ठसा त्याने पाहिला नव्हता. सरांनी त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःच्या डब्यातला दहीभात दिला.

ताई गेल्या. नऊ दिवस वर होत्या. मोठ्या सभागृहात आम्हाला पडद्यावर त्या दिसायच्या, केस सगळीकडे उडालेले, चेहरा सुजलेला आणि हसरा. कुठल्याशा शाळेच्या मुलींनी प्रश्न विचारले, त्यांना उत्तरं दिली. वर गेलं की पाठीचा कणा थोडा ताणला जातो, पाठ सगळ्यांचीच दुखते. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या, सगळ्यांइतकीच दुखते. मी मान हलवून शेजारणीला म्हटलं, बघा, सगळ्यांइतकीच.

यान समुद्रात उतरलं ते ठरल्यापेक्षा जोरात आणि तिरकं. तीन छत्र्यांपैकी एक उशिरा उघडली. तिघांपैकी दोघे आपल्या पायांनी बाहेर आले, हात हलवत. ताईंना आडवं काढलं. बातम्यांत त्या स्ट्रेचरवरून हसून अंगठा दाखवताना दिसल्या आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सभागृहात पेढे वाटत होते. मला पेढा धरवेना. तो हसरा अंगठा बोटीवरसुद्धा असाच दाखवला होता हे तिथे मला एकटीलाच माहीत होतं.

कमरेच्या मणक्याचा चुरा झाला होता, बरोबर त्या जागी. पाठ जिथे बाहेर आली होती तिथेच आसनाला मी उंचवटा दिला होता. सगळा भार त्या सहा मिलिमीटरवर आला. कमरेखाली ताईंचे पाय पुन्हा कधी धडपणे चालले नाहीत.

चौकशी आठ महिने चालली. जोरात आदळणं सगळ्यांच्याच वाट्याला आलं, मग एकीलाच कसं लागलं, हा प्रश्न होता आणि बोट साहजिकच आसनाकडे वळलं. आसन ठशाशी ताडून पाहिलं, जुळलं. ठसे एकमेकांशी ताडले, जुळले. ताईंची पाठ मात्र आता ताडून बघण्यासारखी राहिली नव्हती. मला विचारलं, ठशात काही वेगळं आढळलं होतं का. मी नाही म्हणाले. उड्डाणाआधी काही दुखापत झाली होती का, असं ताईंनाही इस्पितळात जाऊन विचारलं असं कळलं. त्यांनीही नाही म्हणून सांगितलं. शेवटी अहवालात आसनात दोष आढळला नाही असं आलं, पण शंका एकदा चिकटली की चिकटली. मला साचेकामावरून काढून भांडारात बसवलं. वर्षभर बोल्ट आणि वायसर मोजून मी राजीनामा दिला आणि पेणला परत आले. बायका पाठवायच्या की नाही हे ठरवायला एक समिती बसली. ती अजून उठलेली नाही.

बाबांना मी काही सांगितलं नाही. ते गेले तेव्हाही ताईंचा फोटो भिंतीवर होता.

बारा वर्षांनी एका दुपारी कारखान्यासमोर पांढरी गाडी थांबली. ड्रायव्हरने मागून चाकांची खुर्ची काढली. ताईंचे केस पिकले होते आणि त्या एवढ्याशा दिसत होत्या, पण आवाज तोच. पनवेलला उपचारासाठी येतात, इतकी वर्षं येऊ येऊ म्हणत राहिल्या, असं म्हणाल्या. मी चहा केला. मी कप खाली ठेवायच्या आत त्यांनीच तो माझ्या हातातून घेतला.

मी मनाशी ठरवलं की आज सांगायचं. आल्याच आहेत तर सांगून टाकायचं, मग त्यांनी थोबाडीत मारली तरी चालेल. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, “मंदा, मला तुझ्यापाशी काही कबूल करायचंय. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझ्याच्याने बोलवणार नाही.”

मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले.

“त्या बोटीवरच्या माराचं मी चौकशीत सांगितलं नाही. ते लोक माझ्या उशाशी बसले होते, सरळ विचारत होते, आणि मी नाही म्हणाले. वाटलं, सांगितलं तर म्हणतील बाईने लपवलं, बायका लपवतात, आणि पुन्हा कुणाला पाठवणार नाहीत. तशीही नाहीच पाठवली. तुला मात्र त्यांनी भांडारात टाकलं. मला कळलं होतं. एक ओळ लिहिली असती तर तुझं काम राहिलं असतं. मी लिहिली नाही.”

“ताई, जाऊ द्या ते.”

“जाऊ कसं देऊ? तू पाठ सरळ आहे म्हणालीस, तू तुझ्या हाताला लागलं ते खरं सांगितलंस. दुखतंय हे मला माहीत होतं, तरी मी गेले. आतून मोडलं असेल ते साच्यात कसं उतरणार? तुझी त्यात काय चूक? चूक माझी आणि शिक्षा तुला.” त्यांचे डोळे भरून आले होते. “बारा वर्षं हेच घेऊन बसलेय. पाय गेल्याचं नाही एवढं लागत. मला माफ करशील?”

बाहेर ड्रायव्हर गाडीचा आरसा पुसत होता. तीन वाजायला पंचवीस मिनिटं असतानाची ती वेळ पुन्हा माझ्यासमोर उभी होती, आणि या वेळी घाईसुद्धा नव्हती. सगळी दुपार पडली होती. मी ताईंच्या तोंडाकडे बघितलं. सांगितलं तर या बाईच्या जगात खरं बोललेलं एकही माणूस उरणार नाही असं मला वाटलं. म्हणजे तसं वाटल्याचं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती, इतकंच.

“केलं माफ, ताई,” मी म्हणाले.

त्या लहान मुलीसारख्या रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी आणखी अर्धा कप चहा मागितला, धुळ्याच्या भाच्याची हकीकत सांगितली, आणि ऊन उतरायच्या आत निघाल्या.

त्यानंतर ताई सहा वर्षं होत्या. दर दिवाळीला त्यांचा फोन यायचा. तब्येत, पाऊसपाणी, कारखाना कसा चाललाय, सगळं विचारून झालं की फोन ठेवण्याआधी त्या न चुकता म्हणायच्या, “तू मोठ्या मनाची आहेस गं, मंदा. दुसरी कुणी असती तर माफ केलं नसतं.”

आणि मी दर वेळी म्हणायचे, “असू द्या हो, ताई. मी तर कधीच विसरले.”